द्रवणांक : शुद्धतेची कसोटी

प्रस्तावना

सोन्याचा कस पाहण्यासाठी सराफ कसोटीचा दगड वापरतो. प्रयोगशाळेत घन पदार्थाचा कस पाहण्याचे असेच एक जुने, सोपे साधन आहे. ते म्हणजे द्रवणांक. ज्या तापमानाला घन पदार्थ वितळून द्रव होतो, त्या तापमानाला त्या पदार्थाचा द्रवणांक म्हणतात. बर्फाचा द्रवणांक ०° से., नॅफ्थलीनचा सुमारे ८०° से., तर बेंझोइक आम्लाचा सुमारे १२२° से. असतो.

मापनाची रीत

पदार्थ प्रथम पूर्णपणे वाळवून त्याची बारीक पूड करतात. एका टोकाला बंद असलेल्या केशनलिकेत ही पूड दोन-तीन मिलिमीटर उंचीपर्यंत भरतात. पूड तापमापीच्या फुग्याशेजारी येईल अशा रीतीने नलिका तापमापीला जोडतात आणि दोन्ही पॅराफिन तेलात ठेवून तेल तापवतात.

येथे संयम महत्त्वाचा असतो. अपेक्षित द्रवणांक दहा-पंधरा अंश दूर असतानाच आच कमी करतात व तापमान मिनिटाला एक-दोन अंशांनीच वाढू देतात. तेलातील उष्णता पुडीपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. घाई केल्यास पारा पुढे जातो, पूड मागे राहते आणि नोंद चुकते. द्रवाचा पहिला थेंब दिसतो ते तापमान आणि शेवटचा स्फटिक नाहीसा होतो ते तापमान, अशी दोन्ही तापमाने नोंदवतात. पुन्हा मापन करताना नवी पूड घेतात.

शुद्धतेची पारख

शुद्ध पदार्थ साधारणतः एक-दोन अंशांच्या आतच पूर्ण वितळतो. त्यात दुसरे द्रव्य मिसळले असेल, तर तो बहुधा कमी तापमानाला आणि रेंगाळत वितळतो. आइस्क्रीमच्या भांड्याभोवतीच्या बर्फात मीठ घालतात, तेव्हा तो ०° से.च्या खालीच वितळू लागतो. त्याचे कारणही हेच होय.

युरिया आणि सिनॅमिक आम्ल या अगदी भिन्न पदार्थांचे द्रवणांक मात्र जवळजवळ सारखे, सुमारे १३३° से. आहेत. समजा, एका बाटलीवरील चिठ्ठी गळून पडली आणि आतील पूड १३३° से.ला वितळली. ती यांपैकी कोणती? अशा वेळी तिच्यात थोडा शुद्ध युरिया मिसळून पुन्हा मापन करतात. द्रवणांक तसाच राहिला तर ती पूड युरियाची. बराच खाली आला तर ती युरियाची नव्हे.

औषधनिर्मितीत या परीक्षेला मोठे मोल आहे. पॅरासिटामॉलचा द्रवणांक सुमारे १६९° से. आहे. एखादा नमुना त्याहून बराच खाली वितळू लागला, तर त्याच्या शुद्धतेविषयी शंका घ्यावी लागते. रुग्णाच्या हाती गोळी पडण्यापूर्वीच ही शंका फिटणे आवश्यक असते.

शब्दार्थ

केशनलिका – केसासारखे बारीक छिद्र असलेली काचेची नळी
कस – शुद्धतेचे प्रमाण

पाठगत प्रश्न

१. द्रवणांकाजवळ तापमान सावकाश का वाढवतात?
२. मिश्रणाच्या द्रवणांकावरून अनोळखी पदार्थ कसा ओळखतात?