आयटीच्या जोडीला कोणता विषय घ्यावा?

आयटीची पदवी असलेल्या मुलांनी एमबीएला 'सिस्टिम्स' घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सीईटीचा निकाल लागून प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की नात्यातली, ओळखीतली मुलं फोन करतात, मागून त्यांचे आई-वडीलही बोलतात. "ताई, हिचं आयटी झालंय, आता मॅनेजमेंटला काय घेऊ दे?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन वर्षं, काही लाख रुपये आणि पुढे नोकरीत कोणतं काम वाट्याला येणार हे सगळं अडकलेलं असतं. म्हणून उत्तर देण्याआधी माझ्या बाबतीत काय झालं ते मी त्यांना सविस्तर सांगते.

मी पुण्यात आयटीत बी.ई. केलं आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले. काम एसएपी या ईआरपीचं, म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं होतं, त्याच्या अबॅप भाषेत रिपोर्ट लिहायचे. ग्राहक बहुतेक चाकण, भोसरी, रांजणगावचे कारखाने. कोड लिहिणं जमत होतं, पण मीटिंगमध्ये स्टोअर्स, परचेस, प्लॅनिंगची माणसं बोलायला लागली की आमच्या बाजूने त्यांच्याशी बोलू शकणारा एकच जण असायचा, तो म्हणजे फंक्शनल कन्सल्टंट. रिपोर्टमध्ये काय यायला हवं हे तो ठरवायचा आणि आम्ही लिहून द्यायचो. मला त्याचं काम करायचं होतं. त्यासाठी ऑपरेशन्स घेऊन एमबीए करायचं ठरवलं, नोकरी सोडली, सीईटी दिली आणि माहितीपुस्तिकेत ऑपरेशन्स असलेल्या एका संस्थेत प्रवेश घेतला.

पहिलं वर्ष सगळ्यांना सारखंच असतं. तिसऱ्या सेमिस्टरच्या तोंडावर नोटीस लागली, की ऑपरेशन्सला पुरेसे विद्यार्थी नाहीत, सबब यंदा तो विषय चालवला जाणार नाही. फायनान्सची तुकडी भरलेली होती. विभागप्रमुख म्हणाले, "तुमचं आयटी आहे ना, मग सिस्टिम्स घ्या, मार्क पडतील." पहिल्या वर्षाची फी भरून झालेली, नोकरी सुटलेली. दुसरीकडे जायची सोय नव्हती.

मार्क पडले. का पडणार नाहीत? डेटाबेस, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, सिस्टिम अ‍ॅनालिसिस हे सगळे पेपर मी बी.ई.ला दिलेले होते. तीच ईआर डायग्रॅम, तेच नॉर्मलायझेशन. कॉमर्समधून आलेल्या मुलांना हे विषय उपयोगी होते आणि त्यांनी ते मनापासून शिकले, हे मुद्दाम सांगते. सिस्टिम्स हा विषय वाईट नाही. तो त्यांच्यासाठी आहे. मला मात्र जे येत होतं तेच दुसऱ्यांदा आलं आणि जे येत नव्हतं ते तसंच राहिलं. कॅम्पसला आलेल्या कंपन्यांनी माझ्याकडे पाहिलं ते प्रोग्रामर म्हणूनच. त्यांना तरी दुसरं काय दिसणार होतं?

काय राहिलं होतं ते कळलं पुढे, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात. माल आलाय पण बिल यायचंय, किंवा बिल आलंय पण माल यायचाय, अशा व्यवहारांसाठी एसएपीत एक मधलं खातं असतं. त्याला जीआर-आयआर म्हणतात. त्या खात्याचा रिपोर्ट चुकतोय, शिल्लक जुळत नाही, अशी तक्रार आली होती आणि मी क्वेरी तपासत बसले होते. अकाउंट्सचे साहेब निवृत्तीला आलेले, जुन्या काळचे बी.कॉम. खुर्ची ओढून शेजारी बसले आणि स्क्रीनवर एका पुरवठादाराच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. ऑर्डर ५०० बुशची, दर ४० रुपये. गेटवर आले ४८०. स्टोअर्सने जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, ४८० ची केली, म्हणजे १९,२०० रुपये जमेला. पुरवठादाराने बिल पाठवलं पूर्ण ५०० चं आणि ते तसंच चढवलं गेलं, म्हणजे २०,००० नावे. मध्ये राहिले ८००.

"मॅडम, हे आठशे चूक नाहीत," ते म्हणाले. "एक तर वीस बुश यायचेत, नाहीतर आपल्याला डेबिट नोट काढायचीय. यातलं काहीतरी होईपर्यंत हे असंच दिसलं पाहिजे. तुम्ही इथं शून्य आणलंत तर मला कळणार कसं?"

मग त्यांनी पुढचं सांगितलं. जीएसटी कायद्याच्या कलम १६ प्रमाणे माल हातात आल्याशिवाय त्यावरच्या कराचं क्रेडिट घेता येत नाही. म्हणजे त्या वीस बुशांवरच्या कराचा प्रश्नही त्या ८०० रुपयांतच दडलेला होता. माझ्या कोडमध्ये खोट नव्हती. रिपोर्टला हवा होता रुपयांच्या शेजारी नगांचा एक कॉलम आणि ओळ किती दिवसांपासून उघडी आहे त्याचा दुसरा. तेवढं केलं आणि तक्रार मिटली. पण हे दोन कॉलम हवेत हे कळायला एमबीएतलं काहीच कामाला आलं नव्हतं.

त्यानंतर मी सीएमएच्या, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटच्या, अभ्यासाला लागले. पदवीधरांना फाउंडेशन द्यावी लागत नाही, थेट इंटरमीजिएटला नाव नोंदवता येतं. फायनान्शियल अकाउंटिंग, कॉस्टिंग, कर, व्यवसायविषयक कायदे हे सगळं नोकरी सांभाळून रात्री शिकले. माझं पुढचं सगळं काम त्या अभ्यासावर उभं राहिलं. तोच अभ्यास एमबीएच्या दोन वर्षांत, दिवसाउजेडी, शिक्षक समोर असताना करता आला असता. म्हणून आज कुणी विचारलं तर माझा कौल अकाउंटिंग आणि कॉस्टिंगला असतो, त्याखालोखाल ऑपरेशन्सला.

याचं कारण असं, की धंद्यात वापरलं जाणारं बहुतेक सॉफ्टवेअर शेवटी एखाद्या खातेवहीत जाऊन पोहोचतं, मग ते दुकानाचं बिलिंग असो, हॉस्पिटलचं असो की बँकेचं. आणि ती खातेवही कायदा बदलला की बदलते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा सगळ्या कंपन्यांच्या सिस्टिम एकाच वेळी बदलाव्या लागल्या. मग ई-इनव्हॉइस आलं. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरच्या उलाढालीला लागू झालेला नियम ऑगस्ट २०२३ पर्यंत ५ कोटींवर उतरला आणि लहान कारखानदारही त्यात आले. अलीकडचं उदाहरण जुन्या, १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या ४३बी(एच) या कलमाचं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे द्याल त्याच वर्षी धरला जाईल, असं ते कलम सांगतं. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवस, असेल तर जास्तीत जास्त ४५. हे आलं तेव्हा कंपनीकंपनीत रिपोर्ट मागितले गेले. कोणता पुरवठादार सूक्ष्म, कोणता लघु, व्यापारी असेल तर तो यातून वगळायचा का, आणि दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे की माल स्वीकारल्यापासून? (स्वीकारल्यापासून.) हे प्रश्न ज्याला पडतात त्याला मीटिंगला बोलावतात. ज्याला पडत नाहीत त्याला नंतर ईमेलने काम येतं.

'फायनान्स' हे नाव पाहून मात्र लगेच सही करू नका. एमबीएतल्या फायनान्समध्ये बरेचदा शेअर बाजार, पोर्टफोलिओ, डेरिव्हेटिव्ह्ज यांचा भाग मोठा असतो आणि कॉस्टिंग, करप्रणाली यांना एखादाच पेपर मिळतो. दोन्ही चांगलंच, पण दोन्हीची गिऱ्हाइकं वेगळी. बार्कलेज, डॉइश बँक यांची मोठी केंद्रं पुण्यात आहेत आणि मुंबईत तर बँकांची काही कमी नाही. तिथल्या ट्रेडिंगच्या किंवा जोखीम मोजण्याच्या सिस्टिमवर काम करायचं असेल तर डेरिव्हेटिव्ह्ज आलेच पाहिजेत. फिनॅकल, फ्लेक्सक्यूब, टीसीएस बॅन्क्स यांसारख्या कोअर बँकिंगवर जायचं असेल तर कर्ज, व्याजआकारणी, थकीत खातं एनपीए केव्हा होतं, हे बँकिंगचं ज्ञान हवं. आणि कारखान्यांच्या ईआरपीत जायचं असेल तर कॉस्टिंग. एकाच नावाखाली या तीन वेगवेगळ्या वाटा आहेत, हे प्रवेशाच्या टेबलावर कुणी सांगत नाही.

ऑपरेशन्सची ओढ मला अजूनही आहे. घर शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींजवळ असेल, वाळूज, अंबड, सातपूर ऐकत लहान झाला असाल, गोव्यात वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत कुणी ओळखीचं असेल, तर हा विषय तुम्हाला इतरांपेक्षा लवकर समजेल. जॉब वर्कला बाहेर गेलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर पाठवला त्याच दिवशी विकला असं कायदा धरतो, हे पुस्तकात एका ओळीचं आहे. पण प्लेटिंगला गेलेले क्रेट गेटवर मोजून घेताना एकदा पाहिले की त्यासाठी सिस्टिममध्ये काय काय लागतं ते आपोआप सुचत जातं. शक्य असेल तर इंटर्नशिप स्टोअर्समध्ये मागा. मुलं हेड ऑफिस मागतात. तिथे वातानुकूलित खोली मिळते आणि पॉवरपॉइंट करावे लागतात.

एचआरला आयटीवाले हलकं समजतात, ते योग्य नाही. पगाराचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला विचारा. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये कापतात आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५०० होतात. महिलांना २५,००० पगारापर्यंत तो लागत नाही. भविष्य निर्वाह निधी, ईएसआय, ग्रॅच्युइटी, प्रत्येकाचा नियम निराळा. तुमच्या अभ्यासक्रमात कामगार कायद्यांचे आणि वेतनाचे पेपर असतील तर एचआर जरूर घ्या. नुसतं नेतृत्व आणि प्रेरणा असेल तर ते वाचनालयातून आणूनही वाचता येतं. मार्केटिंगचं मी फार सांगणार नाही, तो माझा प्रांत नाही.

बिझनेस अ‍ॅनालिटिक्सबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण हल्ली सगळे तिकडे धावतात. अभ्यासक्रम उघडून पाहा. पायथॉन, आर, एसक्यूएल, डेटा व्हिज्युअलायझेशन. यातलं तुमच्या पदवीत किती झालं आहे? पदवीला संख्याशास्त्र नीट झालं नसेल आणि इथे ते खोलवर शिकवत असतील, तर घ्या. नाहीतर माझं सिस्टिम्सचं जे झालं तेच नव्या नावाने तुमचं होईल.

यासाठी मी मुलांना एक काम करायला लावते. तुमच्या पदवीचा अभ्यासक्रम आणि एमबीएच्या तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरचा अभ्यासक्रम, दोन्हींची छापील प्रत शेजारी ठेवा. जे झालंय त्यावर पेन्सिलीने काट मारा. अर्धी यादी कटली तर तो विषय तुमच्यासाठी नाही. मग संस्थेत जा आणि तोंडावर विचारा: हा विषय मागच्या वर्षी चालवला होता का, किती मुलं होती, कमीत कमी किती लागतात, कोण शिकवतं? माहितीपुस्तिकेवर विसंबू नका. तीत संस्थेला काय चालवायची परवानगी आहे ते छापलेलं असतं, यंदा काय चालणार ते नव्हे. गेल्या दोन वर्षांतल्या विद्यार्थ्यांना गाठा. कॅन्टीनमध्ये बसलात तर तासाभरात सगळं कळतं. पालकांनी हे प्रश्न विचारायला संकोचू नये. लाखो रुपये आपण भरतोय.

पदवीच्या वर्गात असाल तर तुमच्यापुढे आमच्या वेळी नसलेली आणखी एक वाट आहे. एप्रिल २०२२ मध्ये यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला मोकळीक दिली. दोन्हींचे तास एकमेकांवर येत नसतील तर दोन्ही वर्गात बसून, नाहीतर एक कॉलेजात आणि दुसरी दूरशिक्षणाने. बी.एस्सी. आयटी करता करता इग्नूचं किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.कॉम. करता येतं. इतर कुठे घेणार असाल तर त्या संस्थेच्या त्या अभ्यासक्रमाला यूजीसीची दूरशिक्षणाची मान्यता चालू वर्षी आहे का, हे आधी यूजीसीच्या यादीत पाहा, आणि दोन्हीकडच्या परीक्षांच्या तारखा एकमेकींवर येत नाहीत ना, तेही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत मायनर म्हणून वाणिज्याचा विषय मिळत असेल तर तोही घ्या. फुकट जाणार नाही.

दूरशिक्षणाच्या बी.कॉम.ला पास होणं आणि अकाउंट्स येणं यात मात्र अंतर आहे, आणि ते हाताने उदाहरणं सोडवूनच भरतं. एक वही करा. जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स, अंतिम खाती, बँक ताळमेळ, हे सगळं कागदावर, एक्सेल न उघडता. आयटीच्या मुलांना पहिली ठेच इथेच लागते, की बँकेत भरलेले पैसे आपल्या वहीत नावे आणि बँकेच्या पासबुकात जमा का दिसतात. हे का होतं ते दुसऱ्याला समजावून सांगता येईपर्यंत पुढे जाऊ नका. घरात कुणाचं दुकान असेल, सोसायटीचा हिशेब वडील पाहत असतील, तर मार्चअखेर त्यांच्याजवळ बसा आणि ताळेबंद जुळेपर्यंत उठू नका.