खानावळीतील संवाद : शब्दार्थ आणि सूचितार्थ

उद्दिष्टे
या उपघटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
१. शब्दार्थ व सूचितार्थ यांतील फरक स्पष्ट करता येईल.
२. परक्या भाषाव्यवहारात गैरसमज कोठे उद्भवतो, हे सोदाहरण सांगता येईल.

प्रास्ताविक
भाषा येणे म्हणजे केवळ तिचे शब्द आणि व्याकरण येणे नव्हे. कोणी, कोणाला, कोठे, काय बोलावे याचे भान हाही भाषाज्ञानाचाच भाग होय. डेल हाइम्स यांनी यास संप्रेषणक्षमता म्हटले. परक्या मुलखात जेवावयास बसलेल्या माणसाला तिची उणीव चटकन जाणवते.

विषय-विवेचन
जपानमधील उनागीच्या खानावळीचे उदाहरण घेऊ. उनागी हा नदीत वाढणारा, सापासारखा लांब मासा. रूपाने आपल्या किनाऱ्यावरील वामसारखा. तो निखाऱ्यावर भाजून, गोडसर सोया सॉस लावून भातावर वाढतात. मेन्यूकार्डावर मात्र पुष्कळदा 'मात्सु', 'ताके', 'उमे' असे शब्द आढळतात. त्यांचे कोशातील अर्थ पाइन, बांबू आणि आलुबुखाराच्या जातीचे झाड असे आहेत. कोश पाहणारा परदेशी पाहुणा त्यामुळे अधिकच गोंधळतो. वस्तुतः शुभ मानलेल्या या वनस्पतींची नावे येथे प्रती दर्शवितात. फरक बहुधा माशाच्या प्रमाणाचा व किमतीचा असतो. 'स्वस्तातले द्या' असे चारचौघांत म्हणण्याचा संकोच 'उमे' म्हटल्याने टळतो.

आता तळेरे येथे येऊ. कणकवली तालुक्यातील या गावी गगनबावड्याकडून येणारा कोल्हापूरचा रस्ता मुंबई-गोवा महामार्गास मिळतो. समजा, घाटावरून आलेला प्रवासी येथील खानावळीत विचारतो, "सुरमई आहे का?" उत्तर मिळते, "आसा, पण आज बांगडो बरो आसा."

शब्दार्थ सोपा आहे : सुरमई आहे, बांगडा चांगला आहे. परंतु ग्राहकाने न विचारलेल्या बांगड्याचा उल्लेख का व्हावा? पॉल ग्राइस यांच्या सहकार्याच्या तत्त्वानुसार श्रोता या 'पण'चे कारण शोधतो आणि 'आज सुरमई तितकी ताजी नाही' या सूचितार्थापर्यंत पोहोचतो. आपल्या काव्यशास्त्रातील व्यंजनेशी याचे नाते सहज लक्षात येईल. आपला माल उघडपणे कमी न लेखता मालकाने ग्राहकाला सावध केले आहे.

प्रवाशाने तरीही सुरमईच मागवली व ती शिळी लागली, तर तो म्हणेल, "यांची मालवणी समजतच नाही." हा दोषारोप तपासून पाहावा. तेच वाक्य प्रमाण मराठीत आणले, "आहे, पण आज बांगडा चांगला आहे", तरी सूचितार्थ तसाच अव्यक्त राहतो. 'बांगडो', 'आसा' ही रूपे आड आलेली नाहीत. संकेत हुकला आहे. बोलीला अशुद्ध वा दुर्बोध ठरविणारे अनेक अभिप्राय अशाच गल्लतीतून जन्मतात आणि बोली बोलणारा परक्यासमोर आपली भाषा गिळू लागतो.

सारांश
कोश शब्दार्थ देतो. सूचितार्थ प्रसंगातून व संकेतातून उमगतो. न समजल्याचा दोष बोलीवर टाकण्यापूर्वी कोणता संकेत सुटला, हे पाहावे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न
१. 'उमे' या शब्दाचा कोशगत अर्थ व खानावळीतील अर्थ यांतील फरक स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील दुकान वा बाजारातील एक संवाद नोंदवून त्यातील सूचितार्थ उलगडून दाखवा.