आईच्या खुणा न्यायालयात कोण सांगणार?

प्रश्न : माझी आई जन्मतः कर्णबधिर आहे. शेतातल्या मारहाणीच्या खटल्यात तिची साक्ष आहे. तिच्या खुणा मलाच नीट कळतात. दुभाषी म्हणून मी उभा राहिलो तर चालेल का?

उत्तर : शक्यतो नको. राजस्थानच्या एका खटल्यात कर्णबधिर साक्षीदाराच्या खुणा तिच्या वडिलांनीच सांगितल्या होत्या. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की दुभाषी साक्षीदाराच्या परिसरातला असावा, पण खटल्यात त्याचे हितसंबंध नसावेत आणि त्याला शपथ दिलेली असावी. आरोपीची सुटका तिथे कायम राहिली.

दुभाष्याचे काम प्रश्न आणि उत्तर जसेच्या तसे पोचवणे, एवढेच. आई अडखळली तर अडखळणे पोचवायचे. वाक्य सावरून द्यायचे नाही. ‘तिला असं म्हणायचंय’ हे शब्द त्याच्या तोंडी येता कामा नयेत. खूण कळली नाही तर न्यायाधीशांना तसे सांगून पुन्हा विचारायची परवानगी घ्यावी. घरच्यांचे नेमके इथेच चुकते, मायेपोटी ते उत्तर पुरे करतात.

आई शाळेत गेली नसेल आणि खुणा घरगुती असतील, तर शहरातला प्रशिक्षित दुभाषीही गोंधळेल. अशा वेळी त्याच्या जोडीला कर्णबधिर दुभाषी असला तर बरे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२५ नुसार दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घेणे आणि साक्षीचे चित्रीकरण करणे न्यायालयावर बंधनकारक आहे. साक्षीच्या तारखेआधीच सरकारी वकिलांमार्फत लेखी अर्ज द्या.