लढाईच्या हिशेबातील सहा सेकंद

ज्या खेळात राक्षसांशी लढायचे असते, त्या खेळावर वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु लढाईचाही जमाखर्च असतो, तो मांडणारी साधने असतात आणि त्यांत एक आकडा चुकीचा भरला तर चांगला गडी नालायक ठरतो. हे मी स्वतःच्या हातांनी करून बसले आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी ग्वाल्हेरला मामांकडे गेले होते. लष्कर भागात दाना ओलीत त्यांचे घर आहे. 1810 साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला आणि त्याभोवती जे शहर वाढले, त्याचे नाव लष्करच राहिले. तेथील मराठीत हिंदी मिसळते, जशी आमच्या बेळगावकडील मराठीत कन्नड. मामांनी आयुष्यभर दुकानदारांच्या वह्या लिहिल्या. मामेभाऊ मात्र रात्री जेवण झाले की संगणकापुढे बसतो. त्याचा खेळ 'फायनल फँटसी फोर्टीन'. हा खेळ 2013 साली नव्या रूपात सुरू झाला. मोठ्या लढाईस आठ जण लागतात: दोघे शत्रूचा मारा अंगावर घेणारे, दोघे जखमा बऱ्या करणारे आणि चौघे हल्ला करणारे. आठजण आठ ठिकाणी बसून खेळतात.

एके रात्री भाऊ म्हणाला, "ताई, तू कॉमर्सची ना? मग आमचा हिसाब तूच ठेव. कोण किती मारतो ते समजत नाही."

हिशेबाचे साधन त्याच्याकडे होते. त्याचे नाव 'अ‍ॅडव्हान्स्ड कॉम्बॅट ट्रॅकर'. मुळात ते 'एव्हरक्वेस्ट टू' या खेळासाठी बनले. जोडणी बसवून ते इतर खेळांनाही चालते. लढाईत कोणी कोणाला, केव्हा, कशाने किती इजा केली, याची एकेक ओळ वेळेसह नोंदली जाते. ही झाली रोजकीर्द. त्या ओळी उचलून हे साधन प्रत्येक खेळाडूचे खाते तयार करते. ही झाली खतावणी. शेवटी एकूण इजेस सेकंदांनी भागून 'दर सेकंदास इजा' काढते आणि उतरत्या क्रमाने तक्ता लावते. (येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. अशी बाहेरची साधने या खेळाच्या कंपनीच्या नियमांत बसत नाहीत. भावाच्या गटात हे सर्वांना ठाऊक होते, आणि तक्ता गटाबाहेर कोणास दाखवायचा नाही असे ठरले होते.)

आता पेच कोठे आहे? बेरीज करणे यंत्राचे काम आहे, त्यात ते चुकत नाही. पेच भाजकात आहे. लढाई सुरू केव्हा झाली आणि संपली केव्हा, हे यंत्राला आपण सांगावे लागते. 'ऑप्शन्स'मध्ये त्यासाठी एक चौकट आहे: शेवटच्या वारानंतर किती सेकंद शांतता गेली म्हणजे पुढचा वार नव्या लढाईचा समजावा? आमच्याकडे तेथे सहा हा आकडा होता. मी तो तसाच राहू दिला. रानातील किरकोळ चकमकींसाठी सहा ठीकच आहेत. एक प्राणी मेला, पुढचा दिसेपर्यंत खाते बंद झालेले बरे.

परंतु मोठ्या लढाईत शत्रू मध्येच अदृश्य होतो. अर्धा मिनिट त्याला कोणी हात लावू शकत नाही, आणि मग तो दुप्पट रागाने परत येतो. यंत्राच्या दृष्टीने सहा सेकंद उलटले, लढाई संपली. शत्रू परतल्यावर जी सुरू होते ती नवी लढाई, आणि पडद्यावर तक्ता दिसतो तो तेवढ्याच नव्या लढाईचा.

समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. पहिला भाग 120 सेकंदांचा, मध्ये 30 सेकंद शांतता, दुसरा भाग 90 सेकंदांचा. क्ष या खेळाडूने पहिल्या भागात 7,20,000 आणि दुसऱ्या भागात 3,60,000 इजा केली. य याने अनुक्रमे 5,37,000 आणि 4,95,000 केली. सहा सेकंदांच्या हिशेबाने पडद्यावर फक्त दुसरा भाग दिसतो: क्ष 4,000, य 5,500. आता चौकटीत सहाऐवजी साठ भरा. लढाई एकच, 240 सेकंदांची. क्षची इजा 10,80,000, म्हणजे दर सेकंदास 4,500. यची 10,32,000, म्हणजे 4,300. वर होता तो खाली आला. रोजकीर्दीतील एकही ओळ बदललेली नाही!

आमच्या गटातील क्ष हा एक धनुर्धारी होता. पहिल्या भागात तो सारे बळ खर्च करी, कारण तेव्हा घाई केली नाही तर पुढे आठहीजण मरत. तीन रात्री मी तक्ता वाचून दाखवला, तीन रात्री तो हल्लेखोरांत शेवटचा. चौथ्या रात्री त्याला बसवून दुसऱ्यास घेतले. तो काही बोलला नाही. आकड्यांपुढे काय बोलणार?

नवा गडी आल्यावर पहिला भागच पार पडेना, तेव्हा मला शंका आली. मी मामांना विचारले. खेळातील त्यांना ओ की ठो कळत नाही, त्यांनी चष्मा पुसला आणि एवढेच विचारले, "वर्ष कुठून कुठपर्यंत धरलंस?" मामांच्या लहानपणी कित्येक पेढ्यांच्या नव्या वह्या दिवाळीत सुरू होत. आज आर्थिक वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च आहे. दिवाळीची सारी विक्री एका वर्षात आणि तिच्यासाठी केलेली खरेदी आधीच्या वर्षात पडली, तर नफा कसा दिसेल हे प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. मी तेच केले होते.

सुदैवाने नोंदींची फाईल संगणकावर जशीच्या तशी राहते. चौकटीतील आकडा बदलून जुनी फाईल पुन्हा वाचवली की खतावणी नव्याने तयार होते. रात्री दोन वाजता ती तयार झाली. हल्ला करणाऱ्या चौघांत धनुर्धारी दुसरा निघाला.

मग सेकंद भरमसाट वाढवून ठेवावेत काय? तसेही नाही. 999 भरले तर गट हरून उठतो, पाणी पिऊन परत येतो आणि दोन डाव एकाच खात्यात जातात. मग प्रत्येक डावानंतर लढाई हाताने बंद करावी लागते.

आणखी एक खाच आहे. तक्त्यात दोन रकाने जवळजवळ सारख्या नावांचे आहेत. एक प्रत्येकाच्या स्वतःच्या वेळेने भागतो, दुसरा संपूर्ण लढाईच्या वेळेने. एखादा साठ सेकंदांत 3,60,000 इजा करून मेला, तर पहिल्या रकान्यात तो 6,000 घेऊन सर्वांच्या डोक्यावर बसतो; 240 सेकंदांनी भागले तर उरतात 1,500. लवकर मेल्याबद्दल बक्षीस देणारा रकाना काय कामाचा, असे मला वाटते. भाऊ म्हणतो, उशिरा येऊन मिळालेल्यास तोच न्याय देतो. त्याचेही खरे आहे.

काही आकडे तर अंदाजाचेच असतात. विषासारखी इजा थोडी थोडी होत राहते. एका शत्रूवर अनेकांचे विष असेल तर हा खेळ त्याची एकत्रित रक्कमच कळवतो, आणि कोणाचा वाटा किती हे साधन अदमासाने ठरवते. आपल्याकडील घसाराच तो. शिवाय खेळाडूच्या पाळीव प्राण्याची इजा मालकाच्या खात्यात धरायची की वेगळी, हेही आपणच ठरवायचे.

भारतीय चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेने 1979 साली पहिले लेखा मानक काढले. त्याचा विषय नफा कसा काढावा हा नव्हता, तर हिशेब कोणत्या धोरणाने केला ते उघड करावे हा होता. दर वर्षी तेच धोरण चालवले आहे असे गृहीत धरले जाते. बदल केला तर तो सांगावा लागतो. परीक्षेसाठी मी हे पाठ केले होते. कन्नडमध्ये हिशेबाला 'लेक्क' म्हणतात. आमच्या कन्नड विभागातील मैत्रिणीला ही हकीकत सांगितली तेव्हा ती हसून म्हणाली, तुझे लेक्क बरोबर होते, फक्त वही चुकली.

धनुर्धाऱ्यास आम्ही दुरुस्त तक्ता आणि माफीचा निरोप पाठवला. तोवर तो दुसऱ्या गटात गेला होता. "ठीक है" एवढेच उत्तर आले. भावाच्या तक्त्याच्या माथ्यावर आता एक ओळ असते: शांतता 60 सेकंद, भागाकार संपूर्ण लढाईच्या वेळेने, पाळीव प्राणी मालकाच्या खात्यात, विषाची इजा अंदाजे. मी बेळगावला परतले तरी ती ओळ तो दर वेळी लिहितो आणि मला पाठवतो.