दादा आळशी नाही गं

अगं, तू म्हणालीस ना, “ताई, आवाज ऐकू येणं थांबलं, पण दादा नुसता पडून असतो, मग गोळ्यांचा उपयोग काय?” तुझा वैताग समजतो मला. पण तो आळशी आहे, हे आधी मनातून काढून टाक. स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या भास आणि संशय बऱ्यापैकी आवरतात; हरवलेली उमेद मात्र सहसा तेवढ्यानं परत येत नाही.

मला स्वतःला फार धीर आला तो एका संशोधनानं. डेव्हिड गार्ड, अ‍ॅन क्रिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं, की अशा माणसांना एखादी गोष्ट करताना मिळणारा आनंद इतरांइतकाच असतो. कमी असते ती आधीची ओढ, ‘मजा येईल’ असं वाटणं. मिसळ खायला निघताना आपल्या तोंडाला आधीच पाणी सुटतं, म्हणून तर आपण उठतो. दादाला ते सुटत नाही. मिसळ पुढ्यात आली, की चव मात्र लागते. सगळ्यांचं अगदी असंच असतं असं नाही, पण करून बघ.

“येतोस का?” विचारलंस तर तो “नको”च म्हणणार, कारण त्या घडीला त्याला खरंच काही वाटत नसतं. त्यापेक्षा “चल, चपला घाल, कोपऱ्यावर रस पिऊन येऊ” म्हण आणि स्वतः सोबत निघ. रोज ठरलेल्या वेळी, थोडंसंच. रात्री विचार, “रस कसा होता रे?” त्याच्या तोंडून “बरा होता” आलं, की दुसऱ्या दिवशी त्याचीच त्याला आठवण करून दे. ठाम नाही म्हणाला तर ओढू नकोस.

सुस्ती गोळीमुळेही येते, नैराश्यही असंच दिसतं. डॉक्टरांना स्पष्ट सांग. गोळी मनानं बंद करायची नाही.

आणि बाबांना आवर. “तुझ्या वयाची पोरं बघ” हे थांबायलाच हवं. घरात सतत टोमणे असले की आजार उलटायची शक्यता वाढते, हे लंडनमधल्या जॉर्ज ब्राउन यांच्या अभ्यासापासून पुन्हा पुन्हा दिसलंय. बाबांना ‘देवराई’ सिनेमा दाखव, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. भावाला सांभाळणारी त्यातली बहीण बघून तुलाही बरं वाटेल.

तू गाण्याचा क्लास सोडलास म्हणे. तो परत लाव. तेवढा वेळ आई बसेल दादाजवळ, मी बोलते तिच्याशी.