वायरवरची इंग्रजी ओळ

काशीदला होमस्टे काढणारा माणूस फरशी निवडायला अलिबागच्या चार खेपा घालतो. वायर मात्र ‘वायरमन आणेल ती’. एकदा भिंतीत गेलेली वायर पुन्हा नजरेस पडत नाही. त्याआधी तिच्या अंगावर छापलेली बारीक इंग्रजी ओळ चष्मा लावून वाचा.

कंपनीच्या नावाजवळ आकार असतो : १.५, २.५ किंवा ४ चौरस मिमी. हा आतल्या तांब्याचा छेद. आवरण जाड म्हणून वायर जाड, असं नसतं. साधारणपणे दिवे-पंख्यांना १.५, प्लगला २.५ आणि एसी-गीझरला ४. जुना वायरमन अजून ‘तीन बावीस’ म्हणतो. म्हणजे बावीस गेजच्या तीन तारा, जेमतेम १.२ चौरस मिमी. त्याला बोलू द्या, बिलावर मात्र चौरस मिमीच लिहून घ्या.

‘एफआर’ म्हणजे आग पसरू न देणारं आवरण. ‘एफआरएलएस’ असेल तर धूरही कमी. खाऱ्या हवेबद्दल ही अक्षरं काहीच सांगत नाहीत, दुकानदार काहीही म्हणो. इथे तांबं हिरवं पडतं ते उघड्या सांध्यावर. तेव्हा जास्तीचे पैसे कमी जोड आणि घट्ट बंद होणारे डबे यांवर घाला.

आता भाव. छापील किंमत आणि तिच्यावरची भरघोस सूट, दोन्ही विसरा, तांबं मोजा. ९० मीटरच्या बंडलात १.५ला सुमारे १.२ किलो तांबं बसतं, २.५ला २ किलो, ४ला ३.२ किलो. हिशेबापुरता किलोला ९०० रुपये दर धरला, तर नुसतं तांबंच अनुक्रमे १,०८०, १,८०० आणि २,८८० रुपयांचं झालं. आवरण, कारखाना, दुकानदार आणि १८ टक्के जीएसटी वर. त्या दिवशीचा दर घालून हा गुणाकार दुकानातच करा. तांब्याच्या किमतीहून स्वस्त बंडल मिळालं, तर आकार तरी खोटा, लांबी तरी कमी, किंवा आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. पातीने खरवडलं की पांढरं दिसतं. आणि फेज, न्यूट्रल, अर्थिंग अशा तीन वायरी ओढायच्या म्हणजे ९० मीटरमध्ये अंतर तीसच मीटर कापलं जातं. इथेच अंदाजपत्रक चुकतं.

सुरूच्या झाडांखालून बागेतल्या खोलीपर्यंत वायर लोंबकळत नेऊ नका. ३ जून २०२०चं ‘निसर्ग’ वादळ ज्यांनी पाहिलं, त्यांना कारण सांगायला नको. जमिनीखालून आर्मर्ड केबल न्या. तिच्यावरच्या संकेताक्षरांत पहिलंच अक्षर ‘ए’ असेल तर आत ॲल्युमिनियम आहे; ते चालतं, पण आकार वाढवावा लागतो आणि तांब्याचा भाव द्यायचा नसतो.

घरातल्या वायरवर ‘आयएस ६९४’, आयएसआयची खूण आणि ‘सीएम/एल’पुढचा परवाना क्रमांक हवाच. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे का, ते कळतं. बंडल फोडण्याआधी हे बघा; कापलेली वायर सहसा कोणी परत घेत नाही.