कार्डं पाठ, वाक्य अडलं

सोलापूरच्या पूर्व भागात, मराठी माध्यमाच्या शाळेत मी दुसरी-तिसरीला इंग्रजी शिकवते. वर्गातली बरीच मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड. गल्लीत हिंदी, शाळेत मराठी. त्यामुळे इंग्रजी त्यांच्या वाट्याला तिसरी नाहीतर चौथी भाषा म्हणून येते. ‘साइट वर्ड्‌स’ची, म्हणजे पाहताक्षणी ओळखायच्या शब्दांची, यादी पाठ करून घेणारे पालक आणि नवे शिक्षक भेटले की मी त्यांना हा अनुभव आवर्जून सांगते.

उन्हाळी सुट्टीनंतर एक आई मुलीला घेऊन आली. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते. त्या कमाईतून फी भरून मुलीला एका खासगी क्लासला घातलं होतं. “मॅडम, हिला शंभरच्या वर शब्द येतात,” आईचा चेहरा फुलला होता. मुलीनं कार्डं घडाघडा म्हणून दाखवली. टी-एच-ई द, डब्ल्यू-ए-एस वॉज, एस-ए-आय-डी सेड. मी फळ्यावर लिहिलं, ‘द बॉल वॉज अंडर द टेबल.’ तिनं एकेक शब्द सुटा, खणखणीत वाचला. मग चेंडू तिच्या हातात दिला आणि म्हटलं, “वाक्यात होता तिथं ठेव.” ती चेंडू धरून माझ्याकडे बघत राहिली.

त्याच क्लासचा आणखी एक मुलगा ‘सेड’ ओळखायचा तो कार्डाच्या कोपऱ्यावरच्या तेलकट डागावरून. तोच शब्द पाटीवर लिहिला तेव्हा त्याला वाचता येईना.

मुलांचा यात काडीचाही दोष नाही. ‘साइट वर्ड्‌स’ची ही यादी मुळात त्यांच्यासाठी केलेलीच नव्हती. एडवर्ड विल्यम डॉल्च या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं १९३६ मध्ये २२० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तीत नामं नाहीत. ९५ नामांची यादी वेगळी आहे. ज्या मुलांसाठी त्यानं हे काम केलं, त्यांच्या तोंडी ‘वॉज’, ‘अंडर’, ‘देअर’ हे शब्द शाळेत येण्याआधीच रुळलेले होते. कानाला ओळखीचा असलेला शब्द त्यांना फक्त डोळ्यांनी ओळखायचा होता. आमच्या मुलांनी तो ऐकलेलाच नसतो. म्हणजे कार्डावर दिसतं ते त्यांच्या लेखी नुसतं चित्र असतं, आणि चित्रं किती लक्षात ठेवणार?

त्यात हे शब्द फार अवघड जातीचे. मराठी, तेलुगू, कन्नड, तिन्हींत ‘द’ला जोड नाही. आपण ‘टेबलाखाली’ म्हणतो, ‘खाली’ मागून येतं. इंग्रजीत ‘अंडर’ आधीच येऊन बसतं. शिवाय देवनागरीत वाचायला शिकलेलं मूल लिहिलंय तसंच वाचणार, हे अगदी रास्त आहे, पण यातले बरेच शब्द तसे वाचले जात नाहीत.

म्हणून आधी कान, मग तोंड, मग डोळे. मी कार्ड काढण्याआधी आठवडाभर तरी तो शब्द वर्गात वापरते. ‘द’ शिकवायला सोलापुरी टॉवेलांइतकं हाताशी दुसरं काय आहे? एक लाल, एक निळा, एक पांढरा, तिन्ही बाकावर ठेवायचे. ‘गिव्ह मी अ टॉवेल’ म्हटलं की कुठलाही दिला तरी चालतो. ‘गिव्ह मी द रेड टॉवेल’ म्हटलं की तोच हवा. मुलांच्या हातून चार वेळा देवाणघेवाण झाली की फरक न समजावता कळतो. मग टॉवेल बाकाखाली, बाकावर, पिशवीत. आणि मुलं स्वतः एकमेकांना हुकूम सोडायला लागतात. तेव्हा कुठे फळ्यावर तेच वाक्य लिहायचं, आणि त्यातून शब्द उचलून कार्डावर घ्यायचा.

पाठांतराचं ओझंही वाटतं त्याहून बरंच कमी करता येतं. लिनिआ एरी या संशोधिकेनं दाखवून दिलं आहे की शब्द पक्का बसतो तो त्यातली अक्षरं आणि उच्चार एकमेकांना जोडले गेल्यावर. ‘इन’, ‘इट’, ‘गेट’ ही तर सरळ अक्षरांवरून वाचता येतात, ती घोकायला कशाला हवीत? ‘सेड’मध्ये पहिलं आणि शेवटचं अक्षर नियमानं चालतं, आडमुठी आहेत ती मधली दोनच. मी त्या दोन अक्षरांखाली रंगीत खडूनं रेघ मारते.

एक पथ्य मात्र कसोशीनं पाळा. दिसायला सारखे शब्द एका दिवशी शिकवू नका. ‘वॉज’ आणि ‘सॉ’, ‘ऑन’ आणि ‘नो’, ‘व्हेअर’ आणि ‘वेअर’ या जोड्या एकत्र आल्या की झालेला गोंधळ निस्तरायला महिने जातात. पहिला शब्द वाक्यात न अडखळता वाचता आला की मगच दुसऱ्याला हात घाला.

घरच्या भाषेची लाज बाळगू नका, हेही सांगते. याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले या शिक्षकांना दिसलं की मुलं घरी कन्नड बोलतात आणि पुस्तक त्यांच्या भाषेत नाही. त्यांनी कामाची सुरुवात तिथून केली. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला, ही पुढची गोष्ट. आमच्या वर्गात ‘अंडर’ म्हणजे काय हे एखादी मुलगी शेजारणीच्या कानात तेलुगूत सांगते. मी तिला गप्प करत नाही.

राज्यात मराठी शाळांतून २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, तेव्हा क्लासची घाई करण्याचं कारण नाही. लावायचाच असेल, तर किती शब्द झाले हे विचारू नका. न शिकवलेलं एक छोटं वाक्य, ओळखीच्याच शब्दांचं, कोऱ्या कागदावर लिहून मागा. मुलाला ते वाचू द्या आणि त्यात सांगितलंय तसं करून दाखवायला सांगा. आईला इंग्रजी येत नसलं तरी अडत नाही. मूल वाक्याचा अर्थ घरच्या भाषेत सांगतं का, आणि सांगितलं तसंच करतं का, एवढं तिला विड्या वळता वळताही तपासता येतं.